पिवळी रेघ

पाना 'टक्' वाजला तसा सुखदाने रोखून धरलेला श्वास सोडला.

मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घराच्या फाटकाआत गाडी पुढून उचललेली होती. खाली जॅक, शिवाय दोन लोखंडी स्टँड, शिवाय मागच्या चाकांना विटा. हे सगळं तिने स्वतः दोनदा हलवून पाहिलं होतं. तरी सासरे चाकाच्या पोकळीत डोकं घालत तेव्हा ती जॅककडेच बघत राहायची.

"आई, आबा कुठे गेले?" जाळीच्या दारामागून अडीच वर्षांच्या गौरीने विचारलं.

"इथेच आहेत गं." सुखदाने जाळीची कडी पुन्हा पाहिली.

गाडीचे पुढचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर गेले होते. खड्डा आला की खालून कुणी दार ठोठावल्यासारखा आवाज यायचा. उद्यापासून सुखदा पुन्हा नोकरीवर जाणार होती. गौरीला पाळणाघरात सोडून पुढे शहराबाहेर होसकोटेपर्यंत, स्वतः गाडी चालवत. नवरा, अमित म्हणाला होता, गॅरेजला टाकू. पण सासऱ्यांनी, पद्माकररावांनी, परस्पर इथल्याच शिवाजीनगरच्या बाजारातून नवे शॉक आणून ठेवले. "छत्तीस वर्षं विमानांचे भाग तपासलेत मी. आता माझ्या नातीच्या गाडीसाठी गॅरेज शोधू?"

सकाळी निघताना अमित तिला हळूच म्हणाला होता, "जरा लक्ष ठेव. परवा बाबा गॅसवर दूध ठेवून फिरायला गेले होते."

म्हणून ती पायरीवर बसून लक्ष ठेवत होती. पद्माकररावांची पद्धत ठरलेली. पाना टक् वाजेपर्यंत, म्हणजे नट हवा तेवढा घट्ट बसल्याची खूण मिळेपर्यंत, आवळायचं. मग बारीक ब्रशने नट आणि बोल्ट दोन्हींवरून एक पिवळी रेघ.

"नट जरा जरी फिरला ना, की रेघ तुटते," त्यांनी सांगितलं होतं. "लांबूनही कळतं."

"कारखान्यात पण तुम्हीच ओढायचात?"

"मीच. पण आवळायचा दुसरा. आवळणाऱ्याने रेघ ओढायची नाही. आपल्याच हाताला आपण पास करायचं नाही, असा कायदा होता." मग ते हसले. "इथे दुसरा कुठून आणू?"

डावी बाजू झाली. उजवीकडे शॉक चाकाशी जोडणारे दोन बोल्ट राहिले होते. वरचा टक् वाजला. तेवढ्यात फाटकावर शेजारचे गुंडोअण्णा टेकले. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेलं मराठी घराणं त्यांचं.

"काय हो पद्माकरराव, रिटायर होऊन आठ वर्षं झाली की! अजून ओव्हरटाइम?"

"तुमची पण आणा अण्णा, बघून देतो."

"नको हो! आमची स्वल्प धक्क्यावरच चालू होते. तुम्ही नीट केली तर रुसंल ती!"

दोघं हसले, जाळीमागे गौरीही ओरडायला लागली. गुंडोअण्णा गेले. पद्माकरराव वळले, ब्रश घेतला, दोन रेघा ओढल्या, चाक चढवलं.

दोन रेघा. आणि टक् मात्र एकच.

की गौरी ओरडत होती म्हणून दुसरा ऐकूच आला नाही? सुखदाने मनातल्या मनात सगळं उलटं फिरवून पाहिलं. हसणं, ब्रश, चाक. पाना? पाना तर फाटकाकडे वळताना त्यांनी फडक्यावर ठेवला होता. तो तिथेच होता. अमितला फोन करावा? तो आल्यावर गुपचूप तपासेल. पण मग यांना कळलं तर? आणि न तपासता उद्या उड्डाणपुलावर, मागच्या सीटवर गौरी...

"झालं!" पद्माकरराव हात पुसत म्हणाले. "चल, खाली घेऊ गाडी."

"बाबा," ती उठली. "आवळलंत तुम्ही, रेघ पण तुम्हीच ओढलीत."

ते थांबले. "मग?"

"कायदा मोडलात. एकदा मी आवळून बघू?"

त्यांनी चाक उतरवलं आणि पाना तिच्या हातात दिला.

वरच्या नटाला तिने जोर लावताच टक्. रेघ तशीच. तिने पाना खालच्या नटावर चढवला आणि जोर लावला. नट फिरला. अर्धा फेरा. मग आणखी पाव. मग टक्.

पिवळी रेघ तुटली होती. एक तुकडा बोल्टवर होता तिथेच राहिला, दुसरा नटाबरोबर फिरून पार पलीकडे गेला.

सुखदाला आता सासऱ्यांचा आवाज हवा होता. ओरडले असते तरी चाललं असतं. पद्माकरराव गुडघ्यावर हात टेकून वाकले, टॉर्च मारून ती तुटकी रेघ बराच वेळ बघत राहिले. मग चिंधी थिनरमध्ये बुडवून त्यांनी ती पुसून काढली. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"डावीकडचेही बघ," ते म्हणाले.

"ते ऐकलेत मी बाबा. सगळे वाजले."

"तरी बघ."

डावं चाक उतरवून तिने सगळे पाहिले. ते स्टुलावर बसून, मान खाली घालून, प्रत्येक टक् ऐकत होते. शेवटी त्यांनी ब्रश तिच्यापुढे धरला. उजवीकडच्या त्या खालच्या नटावर तिची रेघ वाकडी आली. ती पुन्हा ओढायला गेली तर म्हणाले, "असू दे."

चाकं चढवून गाडी खाली घेतली. पद्माकररावांनी पाने एकेक करून पुसले, पेटीत आपापल्या जागी ठेवले, पेटीला कुलूप लावलं. रेघेच्या पिवळ्या रंगाची बाटली मात्र बाहेरच राहिली. ती घेऊन ते घरात गेले आणि दाराशी, सुखदा गाडीची किल्ली टांगते त्या खुंटीखालच्या फळीवर, ती नीट ठेवून आले.