मागच्या फळीवरची मोटर

धरमपेठेतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नाव विटांच्या थरांवर टेकवून ठेवली होती. बाहेरचा जुना रंग खरवडून झाला होता. कुजलेल्या पट्ट्या काढून लकडगंजच्या आरामशीनवरून आणलेलं सागवान बसवलं होतं. मागच्या फळीवरची मोटर तेवढी काढायची राहिली होती, आणि ती निघाल्याशिवाय नाव पाण्यात जाणार नव्हती. रामटेककडच्या ज्या मालगुजारी तलावात ती पूर्वी चालायची, तिथल्या मच्छीमार संस्थेने आता फक्त वल्ह्याच्या नावांना परवानगी ठेवली होती. मोटरच्या पंख्यात जाळी अडकून फाटतात, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं.

रविवारी सकाळी उन्मेषने पंप दुरुस्त करणाऱ्या ओमप्रकाशला बोलावलं. मोटर फळीला आवळून धरणारे दोन स्क्रू बाहेरून दिसत होते. रॉकेल सोडून, ठोकून, शेवटी आचेवर तापवून ते सुटले. मोटर जागची हलली नाही.

“दोन्ही सुटले ना गा? मग आता काहून अडून राहिली?” उन्मेषने विचारलं.

“जंग पकडला भाऊ. जुना किरायेदार आहे, घर खाली करत नाही.”

“नोटीस देऊ का?”

“हातोड्यानं देऊन तं राहिलो.”

शेडच्या दाराशी खुर्ची टाकून उन्मेषची आई, यमुताई, मेथी निवडत होत्या. मोटर कशाने अडली आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पुढची जुडी सोडली.

नाव त्यांचे यजमान मधुसूदन यांची. मोटर आणली त्या दिवशी त्यांनी ती स्वतः चालवली आणि थेट शिंगाड्याच्या वेलांत नेऊन घातली. काठावरचे लोक हसले. त्यानंतर मधुसूदनरावांनी मोटरला हात लावला नाही. ते पुढे बसून पाणपक्षी बघत. मागे, मोटरच्या दांड्याशी, यमुताई. नाव कुठे वळवायची हे त्या ठरवत. मधुसूदनराव गेले, नाव शेडमध्ये आली. मधल्या काळात यमुताईंच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. वल्हं मारणं आता त्यांच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. मोटर गेली की नावेत त्या उरणार फक्त पाहुण्या म्हणून.

ओमप्रकाशने शेडच्या लोखंडी तुळईला साखळीची कप्पी अडकवली आणि ओढली. मोटर वर आली, पण तिच्याबरोबर नावेचं शेपूटही आलं. खालच्या दोन विटा घसरल्या.

“सोड, सोड!” उन्मेष ओरडला. नाव पुन्हा टेकली. त्याने घाम पुसला. “फळीच कापू. मोटरसकट बाहेर येईल. नवी फळी बसवू.”

“मोटरची पकडच कापू ना भाऊ.”

“मोटर पॉलिटेक्निकला कबूल केली आहे, पोरांना उघडून शिकायला. धड पाहिजे.”

“पाहा बा. दोन्ही बाजूच्या पट्ट्या या फळीलेच जोडल्या आहेत. फळी गेली तं नाव फाकते.”

“फाकली तर आवळू.” उन्मेषने ग्राइंडर चालू केलं.

“बंद कर ते,” यमुताई म्हणाल्या.

ग्राइंडरच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही. त्या उठल्या आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

“मागच्या बैठकीखाली हात घाल. तिथं लाकडाची दोन बुचं आहेत. त्यांच्या मागे नट आहेत.”

उन्मेष आत वाकला. बैठकीखालचा भाग अजून खरवडला नव्हता. टॉर्चच्या उजेडात निळ्या रंगावर लालसर दोन डाग दिसले. ओमप्रकाशने छन्नीने बुचं उडवली. मागे खरोखरच नट होते.

“तुम्हाले कसं मालूम, काकू?”

“मोटर चोरीला जाईल म्हणून यांनी पकडीच्या आतून आरपार बोल्ट टाकले, नटांवर बुचं मारली, रंग दिला. खंडेनवमीला मी मोटरची पूजा करायची, तर म्हणाले, कुंकू बोल्टालाही लाव. चोराला नाही दिसले तरी देवाला दिसले पाहिजेत.”

ओमप्रकाश हसला. उन्मेष हसला नाही.

“सकाळपासून आम्ही मरून राहिलो, आणि तू मेथी निवडत बसली?”

“मोटर निघाली की तुझ्या नावेत मी कशाला? डबा धरायला?”

पाना घेऊन उन्मेष बैठकीखाली शिरला.

नट सुटायला वेळ लागला, पण सुटले. कप्पीने मोटर अलगद उचलून जुन्या टायरवर उतरवली. फळी शाबूत होती. मोटरच्या जागी रंग न लागलेला सागाचा चौकोन उघडा पडला, त्यात दोन भोकं. ओमप्रकाशने भेगा बुजवायची लांबी मळली आणि पहिलं भोक बुजवलं.

यमुताईंनी मेथीचं ताट खाली ठेवलं.

“भोकं बुजवू नको गा. त्यांतच पट्टी बसव आणि सुकाणू लाव.”

“सुकाणू कशाला, आई? एवढीशी नाव वल्ह्यानंच वळते.”

“वल्हं तू मार. वळवीन मी. ते एका हाताचं काम.”

उन्मेषने मोटरकडे पाहिलं, मग फळीकडे. “आणि शिंगाड्यात घातली तर?”

“ते तुझ्या वडिलांचं काम होतं.”

“एक तं बुजलं ना, काकू,” ओमप्रकाश म्हणाला.

“ओलं आहे अजून.”

ओमप्रकाशने पेचकस घेतला आणि लांबी कोरून काढायला लागला. उन्मेष माप घ्यायला टेप शोधत होता.