बाणाची जागा

मुनाफने दारू भरलेली हातभर लांबीची लोखंडी नळी कातळातल्या भोकात उलटी रोवली आणि भोवती दगड ठासले. आता बाण उडणार नव्हता. जागच्या जागी जळणार होता, त्याचा जोर तेवढा कळणार होता.

महाडात लग्नासणांची आतषबाजी करणाऱ्या मुनाफला यंदा सावित्री नदीपार दोर टाकणारा बाण करायचा होता. पुरात होडी वाहून जाते. पण पलीकडे दोर बांधला, तर त्याच्या आधाराने ती ओढून नेता येईल. मात्र एवढा बाण पेटवून बघायला कोणी जागा देईना. महाडात शेजाऱ्यांनी हात जोडले, पोलादपुरात पाटलांनी हाकललं. उमरठच्या वाटेवरच्या कोंडाजीने मात्र घरामागचा आपला माळ दाखवला. गेल्या श्रावणात त्याची लेक येसू बाळंतपणात अडली, तेव्हा सुईण पलीकडच्या काठावर दिवसभर उभी होती. येसू वाचली नाही.

"राहीकाकींना विचारलंत?" मुनाफने कोंडाजीच्या बायकोबद्दल विचारलं.

"ती नको म्हनते. तू पेटव."

वात पेटवून दोघे बांधाआड पळाले. सूं करत धूर उसळला. मुनाफ मनात आकडे मोजू लागला. चारवर नळी फुटली.

त्याच्या कानांना दडे बसले. धूर विरला, तेव्हा शंभर पावलांवर बांधलेला कोंडाजीचा बैल गुडघ्यांवर आला होता. मानेतून रक्त वाहत होतं. बघता बघता तो आडवा झाला.

कोंडाजी बैलापाशी जाऊन बसला. घरातून धावत आलेली राहीबाई जागीच थबकली.

वाडी जमली.

"याला परत हितं पाय ठेवू देऊ नको, कोंडाजी!" शेजारचा सोनबा ओरडला.

कोंडाजी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. हळूहळू माणसं पांगली.

मुनाफ कसाबसा पुढे आला. "काकी, चूक माझी. नळी पातळ पडली. मी सोडला हा नाद."

राहीबाई बैलाच्या अंगावरची माती पुसत होती.

"जाड नळी मिलते?"

"काय?"

"बाणाला. जाड मिलते का नाय?"

"मुंबईहून मागवावी लागेल."

"मग मागव. पाऊस महिन्यावर आलाय."

"पण काकी, आता जागा कोण..."

"बैल गेला," ती म्हणाली. "जागा हाय."

मुनाफ माळावर विखुरलेले नळीचे तुकडे वेचू लागला.