मैनाबाईंच्या चुका

भगवानरावांची हयात मुकुटबनला मराठी शिकवण्यात गेली. निवृत्त होऊन ते लोहाऱ्याला मुलाकडे राहायला आले आणि तिथल्या लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक बिनपगारी तपासू लागले. त्यामुळे सून उज्ज्वलाने सहा वर्षांच्या सलोनीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा बाकीच्यांना काळजी वाटली. भगवानरावांना नोकरी परत लागल्यासारखं झालं.

उज्ज्वला म्हणाली, शुद्ध लिहायला कसं शिकवायचं ते आधी काही दिवस पाहू. ज्या रीतीत पोरगी रमेल ती ठेवू. भगवानरावांनी ‘पाहू’ हा शब्द ऐकलाच नाही. दुसऱ्या सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते घरच्याच पडवीत कामावर रुजू झाले. त्यांची रीत जुनी: त्यांनी सांगायचं, पोरीने लिहायचं, चुकलेला शब्द पानभर गिरवायचा. सलोनीचं पोट दुखू लागलं. ते शुद्धलेखन सुरू झालं की दुखे आणि संपलं की पोहे मागे.

भगवानरावांच्या पत्नी मैनाबाई यांचं शिक्षण चौथीपर्यंत. पोरीच्या नजरेसमोर लिहिलेलं असावं म्हणून उज्ज्वलाने त्यांना स्वयंपाकघरातल्या पाटीवर रोजचा बेत लिहायला सांगितला. मैनाबाई साधा ‘वांगं’ शब्दही आपल्या मनासारखा लिहीत. एक दिवस सलोनीने लाल खडू उचलला, दोन शब्दांना गोल केले, खात्री करायला आपणहून पुस्तक उघडलं आणि आजीला शेजारी बसवून नीट लिहून दाखवलं. उज्ज्वलाने तिथल्या तिथे निकाल दिला: आजीने लिहायचं, नातीने तपासायचं. हीच रीत.

भगवानरावांना जेवण जाईना. आयुष्यभर एक वेलांटी इकडची तिकडे होऊ दिली नाही, आणि नात बसते कोणाच्या मांडीला मांडी लावून, तर जिला आजवर त्यांनी किराण्याची चिठ्ठीही लिहू दिली नाही तिच्या. स्वयंपाकघरातून हसणं ऐकू आलं की ते पडवीत उगाच खाकरत.

“जळून राह्यले का जी?” मैनाबाईंनी पोळी वाढता वाढता विचारलं.

“चुकाले काय लागते? कोणीबी चुकते,” भगवानराव म्हणाले.

“मंग चुका ना.”

ते त्यांनी मनावर घेतलं. पण हात ऐकेना. ठरवून चुकीचा लिहायला घेतलेला शब्द खडूखालून शुद्ध होऊन बाहेर पडे. शेवटी दात आवळून त्यांनी एका ओळीत तीन चुका बसवल्या आणि पाटी नातीपुढे धरली. सलोनीने ती पाहिली आणि खडू खाली ठेवला.

“आबा, तुम्ही मुद्दाम चुकले. आजी खरोखर चुकते.”

त्यावर भगवानरावांनी, तुझी आजीही मुद्दामच करत असेल, असा संशय व्यक्त केला. मैनाबाई दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्यांची चूक अस्सल होती, तिच्यावर असा आळ त्यांना सोसण्यासारखा नव्हता.

त्या संध्याकाळी उज्ज्वला अंगणात फोनवर माहेरी तांड्यावर बोलत होती, गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत. सलोनीलाही ती दोन्ही भाषा लिहायला शिकवत होती. घरात सून येऊन सात वर्षं झाली, पण तिच्या भाषेतला ‘याडी’ म्हणजे आई, एवढा एकच शब्द भगवानरावांना येत होता, आणि तोही नातीमुळे. फोन संपेपर्यंत ते तुळशीपाशी घुटमळले.

“सूनबाई, तुह्या बोलीतल्या दोन ओळी सांग. मी लिहितो.”

उज्ज्वलाने फोन बाजूला ठेवला. मग तिने सावकाश सांगितलं. भगवानराव पाटीवर लिहू लागले. दर शब्दाला थांबत होते, पुन्हा विचारत होते, पुसत होते. मास्तरांच्या कपाळावर घाम आला.

सलोनी खडू घेऊन आली. एक गोल, दुसरा, तिसरा. मग ती आजोबांना खेटून बसली आणि त्यांचा हात धरून पहिला शब्द वहीत गिरवून घेऊ लागली. चांगला पानभर.

धडा संपल्यावर भगवानराव पाटी घेऊन थेट चुलीपाशी गेले.

“पाह्य. तुह्यापेक्षा जास्त चुका हाय. अन् एकबी मुद्दाम नाही.”

मैनाबाईंनी चष्मा लावून पाटी बारकाईने पाहिली. हातातला कणकेचा गोळा परातीत ठेवला.

“उज्ज्वला,” त्यांनी अंगणात हाक दिली, “मलेबी सांग वं दोन ओळी. जरा कठीण सांगजो.”