चष्म्यातलं तोंड

चष्म्यातला रोगी लई गुणी होता. सहा महिन्यांत त्यानं एकदाही तोंड मिटलं नाही, ठसका दिला नाही, ‘आई गं’ म्हटलं नाही. दात पांढरेधोप, लाळेचा टिपूस नाही. सोनालीनं ते काळं डबडं डोळ्यांवर चढवलं आणि बटणांच्या दोन मुठी हातांत धरल्या की समोर चष्म्यातला तो खोटा रोगी आ वासून तयार. अवजार उचलायचं, डॉक्टरला द्यायचं, वापरून झालं की परत घ्यायचं आणि मूठ सोडायची. मूठ सोडली की अवजार आपोआप उडत जाऊन ट्रेमध्ये बसायचं. टिंग वाजायचं. दहा गुण.

दातांच्या दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली काम करायचं शिक्षण ते हे. संस्थेच्या फलकावर लिहिलेलं, ‘रोग्याला त्रास नाही, शिकणाऱ्याला भीती नाही.’ खरी गोष्ट वेगळी होती. संस्थेकडे ना खुर्ची होती, ना डॉक्टर, ना रोगी. चादरीच्या दुकानावरचा एक हॉल, सहा चष्मे आणि अठ्ठावीस पोरी. चष्म्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. खऱ्या तोंडाआधी हात बसावा म्हणून कुणीतरी डोकं लावून बनवलेली चीज ती. ह्या संस्थेनं खरं तोंडच गाळून टाकलं.

कोर्स संपता संपता संस्था चालवणाऱ्या श्रीमंत सरांनी बॉम्ब टाकला. “वीस खऱ्या रोग्यांवर काम केल्याच्या डॉक्टरच्या सह्या ह्या फॉर्मवर आणा. मगच प्रमाणपत्र.”

“कुटनं आणू सर?”

“सोलापुरात दातांचे दवाखाने काय कमी आहेत? जरा हातपाय हलवा की!”

सोनाली सात दवाखाने फिरली. सगळीकडं एकच उत्तर, आधी प्रमाणपत्र घेऊन ये. प्रमाणपत्राला रोगी पाहिजे आणि रोग्याला प्रमाणपत्र. मंगळवेढ्याकडच्या वाडीतून निघताना बिरुदेवानं, तिच्या बापानं, मेंढरं हाकता हाकता सांगितलं होतं, “एक वरीस तुजं. न्हाय जमलं तर गुमान यायचं. तुज्या आयचं गुडघं गेल्यात, कळपामागं कोण फिरणार?” वर्ष सरत आलेलं. सह्यांची मुदत ह्या शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत.

आठव्या दवाखान्यात डॉक्टर गुरुशांतनी तिला घेतलं, कारण त्यांची हाताखालची जुनी बाई सोडून गेली होती. एकोणीस रोगी झाले. पण काम काय, तर लाळ ओढायची नळी धर, कापूस दे, भांडी उकळ. “पाणी जपून गं, नळाला उद्या पाणी यायचंय,” हे दिवसातून दहा वेळा. अवजार हातोहात देणंघेणं एकदाही नाही. तरी डॉक्टर सही करत. सोनाली फॉर्म घडी घालून पिशवीत ठेवी.

शनिवारी साडेचारला विसावा रोगी आला. अक्कलकोटकडची गुरम्मा, साठीची. चाळीस वर्षांच्या मिश्रीनं दात कोळशासारखे. तोंड एवढंसं, आणि जीभ अशी की पाण्याबाहेर काढलेला मासा बरा. सोनालीनं नळी आत घातली तशी म्हातारी हात झटकून उठूनच बसली.

“ए तंगी,” कानडीत धाकट्या बहिणीला हाक मारावी तशी ती ओरडली, “हळू की गं! गोठा झाडायलीस काय माझ्या तोंडात?”

“आजी, पडा की. जरासंच ऱ्हायलंय.”

“तुझं जरासं. जीव माझा जायलाय.”

दाताच्या मुळातली पोकळी साफ करायची होती, म्हणजे रूट कॅनल. त्यासाठी केसाएवढ्या बारीक सुया असतात. खरं तर सुई लावण्याआधी तोंडावर रबराचा पडदा ताणतात, म्हणजे काही सुटलं तरी घशात जात नाही. डॉक्टरांनी पडदा हातात घेतला, घड्याळ बघितलं आणि परत ठेवला. “हिला गुदमरेल. दे सुया एकेक.”

हातोहात अवजार द्यायची वेळ सोनालीवर आली, ती पहिल्यांदाच. पहिली सुई दिली, परत घेतली, ट्रेत ठेवली. दुसरीही. हात बसला. बसला म्हणजे सहा महिन्यांत जसा बसवला होता तसा बसला. तिसरी सुई डॉक्टरांच्या बोटांतून तिनं गुरम्माच्या तोंडावरच घेतली आणि बोटं सोडली.

आणि टिंग वाजायची वाट बघितली.

गुरम्मानं आवंढा गिळला. “काय तरी गेलं की गं आत. कापूस होता काय?”

डॉक्टरांनी जिभेखाली बघितलं, गालात बघितलं, लाळेची बाटली उपडी केली. मग दातात बोळा भरून म्हातारीला बाहेर बसवलं आणि सोनालीला भांडी उकळायच्या खोलीत ओढलं.

“सुई कुठंय?”

“सोडली.”

“सोडली म्हणजे?”

“चष्म्यात सोडली की जाती सर. आपली आपण ट्रेत जाती.”

डॉक्टरांनी खोलीचं दार लावून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाले, “हे बघ, दहातल्या नऊ वेळा आपोआप पडून जाते. ती हिंडतेय, बोलतेय. सांगितलं तर उद्या तिची माणसं येऊन दवाखाना फोडतील. पडदा का लावला नाही विचारतील. आण फॉर्म.” त्यांनी विसावी सही केली, वर शिक्का मारला. “सोमवारपासून पक्कं काम. तोंड मात्र बंद.”

साडेपाच वाजले होते. संस्था चालत दहा मिनिटं.

सोनाली जिना उतरली. खालच्या पायरीवर गुरम्मा पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. “रिक्षा बघ की गं माझ्यासाठी,” म्हणाली.

सोनालीनं हात वर केला. रिक्षा थांबली. एवढंच करायचं होतं, म्हातारीला बसवायचं आणि आपण संस्थेची वाट धरायची. पण तिला वीटभट्टीवर तार खाल्लेली मेंढी आठवली. तीन दिवस धडधाकट चरत होती ती. चौथ्या दिवशी पाय झाडून मेली आणि बापानं पोट फाडलं तेव्हा कुठं तार दिसली. दहातली दहावी वेळ काय असते, हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

“आजी, कापूस न्हाय. सुई गेलीया पोटात. माज्या हातनं पडली. पोटाचा फोटो काढाय पाहिजे, आत्ताच्या आत्ता.”

गुरम्मानं तिच्या कानाखाली अशी हाणली की रिक्षावाला सीटवरून उतरला. “माझ्या पोटात सुई घालून मला रिक्षात घालायलीस व्हय गं?”

आवाज ऐकून डॉक्टर धावत खाली आले. काय झालं ते त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी सोनालीच्या हातातला फॉर्म हिसकला, चार तुकडे केले आणि खिशात घातले. “ह्या पोरीला मी ओळखत नाही,” रिक्षावाल्याला सांगून ते वर गेले.

सोनालीला रडायलासुद्धा वेळ नव्हता. म्हातारीनं तिचं मनगट धरलं होतं. “चल सरकारी दवाखान्यात. कसली सुई, केवढी सुई, मी काय सांगू त्यांना?”

फोटोच्या रांगेत सहा वाजून गेले. फोटोत सुई दिसली, पोटात, आडवी. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “श्वासनलिकेत गेली नाही, नशीब. तीन दिवस ठेवून घेऊ. पुढं सरकते का बघायचं, नाही तर दुर्बिणीनं काढायची. जवळ कोण थांबणार?”

“माझं पोरगं पुण्यात हाय. हिनंच घातली, हीच थांबल,” गुरम्मा म्हणाली. मनगट अजून सोडलं नव्हतं.

सोनालीचा फोन वाजला. बापाचा. मागं मेंढरांची बें बें.

“झाल्या का सह्या?”

“न्हाय बा.”

बापानं एका मेंढराला हाकललं. “मग उंद्या पैली यस्टी धर.”

“उंद्या न्हाय. तीन दिस लागतील. हितं एक आजी हाय, तिच्या पोटातनं सुई पडायची हाय.”

“कसली सुई? कुणी घातली?”

“मी,” सोनाली म्हणाली.