धाकटीच्या फाइलची पोच

मोठ्या कंपनीत माणसं येतात-जातात, कागद मात्र बूड टेकून बसतात. नेमणुकीची पत्रं, बदलीचे आदेश, रजेचे अर्ज, आजारपणाचे दाखले; शाखाशाखांतल्या कपाटांत कोंबलेले. हे सगळं एका संगणक-यंत्रणेत आणायचं होतं आणि तिची आखणी थोरलीकडे आली. फळ्यावर तिने चौकोन काढले. मूळ कागद इथे, त्यांची सूची तिथे, कोणी काय बघायचं त्याची कुलपं मध्ये. शेवटी, मुदत संपलेले कागद पुसून टाकणारा एक लहानसा चौकोन. घर बांधताना मोरीची जागा शेवटी आठवावी, तसा.

यंत्रणा तपासणाऱ्या सहकाऱ्याला सगळे शंकासुर म्हणत. फळ्याकडे बघून त्याने विचारलं, "आदेश पाठवला आणि माणसाने पाहिलाच नाही तर?"

"दोनदा आठवण करायची. तरी नाही, तर फाइलीतल्या घरच्या माणसाला निरोप."

"आणि पुसायचं असेल तर?"

"पोच आल्याशिवाय पुसायचं नाही. त्याची, नाहीतर घरच्यांची."

"मॅडम, यंत्रणा आखताय की सोयरीक जुळवताय? सारखं आपलं घरच्यांना विचारा!"

जिवंत माणसांच्या फायली चाचणीला वापरायच्या नाहीत, असा कंपनीचा नियम. खोटी माणसं बनवावीत, तर त्यांचे कागद फार शहाणे निघतात. ना डाग, ना वाकडा शिक्का. थोरलीने धाकट्या बहिणीची फाइल घेतली. धाकटी याच कंपनीत हिशेब विभागात होती. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या फाइलीत सगळी वळणं होती. बदल्या, बिनपगारी रजा, इस्पितळाचे दाखले. शिवाय आपलंच माणूस, तक्रार कोण करणार? मग थोरली दिवसभर तिला कामावर घ्यायची, काढायची, पुन्हा घ्यायची.

एका संध्याकाळी ती घरी आली, तर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "धाकटीची बदली झाली."

थोरलीचा एक पाय चपलेतच राहिला.

आईने चष्मा चढवून मोबाइल वाचून दाखवला. "'बदलीचा आदेश आपल्या मुलीने अद्याप पाहिलेला नाही. कृपया तिला कळवावे.' कळवायचं कसं, ते मात्र लिहिलेलं नाही."

चाचणी खोटी, पण फाइलीतला आईचा नंबर खरा. यंत्रणेने शिकवल्याप्रमाणे घरी विचारलं होतं.

"माझीच चूक गं आई. उद्या नंबर काढते."

"राहू दे. तिचं नाव घेताना इथे सगळे आवाज खाली आणतात. हा मोबाइल बापडा तसं करत नाही."

नंबर निघाला नाही. थोरली मात्र चाचण्या जपून निवडू लागली. तिने बढती दिली, तेव्हा आई म्हणाली, "आता सुचली होय? जिवंत होती तोवर हात आखडता!" पुढच्या निरोपाला म्हणाली, "रजा दे तिला. मेल्यावरही राबवतेस पोरीला." दोघी हसल्या, आणि मग बराच वेळ जेवायला वाढायला कोणी उठलं नाही.

निरोपाखाली 'पाहिले' असं बटण असे. आई ते कधी दाबत नसे. "दाबलं की मिटलं ना सगळं?"

यंत्रणा सुरू करायची वेळ आली. शंकासुर म्हणाला, "पुसण्याची चाचणी राहिलीय. तुमच्या या बाईंची मुदत केव्हाच उलटलीय. मूळ कागदांसकट यांचंच पुसू या." मग पडद्यावरचं नाव वाचून म्हणाला, "आडनाव तुमचंच आहे. कोण तुमच्या?"

"बहीण."

त्याने चष्मा काढून उगाच पुसला. "पुसणं अडवून ठेवायची सोय आहे की. तुम्हीच केलीय."

थोरलीने ती सोय उघडली. यंत्रणेने कारण विचारलं: कोर्टाचा दावा, चौकशी, निवृत्तिवेतन. ही कारणं तिनेच सभेत भांडून ठरवली होती, चौथं घुसू दिलं नव्हतं. 'आई' यातल्या कशातच बसेना.

तिने पुसायचा आदेश दिला. पडद्यावर आलं, 'घरच्यांच्या पोचेची वाट पाहत आहे.'

थोरली खुर्चीत सैलावली. आईने आजवर एकही बटण दाबलं नव्हतं. आता खुद्द मालक आला तरी फाइल जागची हलणार नव्हती. "थांबू या," ती म्हणाली. शंकासुर चहा आणायला उठला.

तो परत यायच्या आतच ओळ बदलली. 'पोच मिळाली.' सूचीतून धाकटी गेली आणि खालचं नाव वर सरकलं, रांगेतून कोणी निघून गेल्यावर मागचा सरकतो तसं.

घरी आई दिवा न लावताच बसली होती.

"दाबलंस?"

"'आपल्या उत्तरावाचून काम थांबले आहे,' असं आलं होतं. म्हटलं, तुझंच अडलं असणार." आई पदराशी चाळा करत राहिली. "कुणाचं काम अडवलेलं तिला तरी कुठे खपायचं?"

आई उठली, रोजच्यासारखा मोबाइल चार्जिंगला लावला, आणि न विसरता त्याचा आवाज मोठा करून ठेवला.