बिनदाराची खोली

सॅम्पल फ्लॅट सजवणं हा माझा धंदा. इमारत अर्धीमुर्धी उभी असते, तेव्हा त्यातलं एकच घर आम्ही असं नटवतो की बघायला आलेल्या नवराबायकोचा पाय तिथून निघू नये. शेल्फात पुस्तकांची नुसती कव्हरं, नळाला पाणी नाही आणि खोल्यांची दारं काढून ठेवलेली. दार नसलं की खोली ऐसपैस दिसते. लोक फसतात आणि मला पुढचं काम मिळतं.

या वेळची खोली मात्र माझ्याच घरातली, माझ्या लेकासाठी होती. चौदा वर्षांचा घोडा. घटस्फोटानंतर तो बापाकडे राहिला, तिथं हॉलमधल्या सोफ्यावर झोपतो. आता बापाची दूर बदली झाली. पोरगा म्हणाला, "आईकडची खोली बघतो, मग ठरवतो." नाही म्हणाला तर बापाबरोबर जाणार आणि माझ्याकडे सुट्टीत पाहुण्यासारखा येणार. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मी हात धुऊन त्या खोलीच्या मागे लागले. निळा रंग दिला, पोरकट वाटला. राखाडी दिला, दवाखाना वाटला. रंगारी म्हणाला, "ताई, भिंत जाड होत चाललीय." मैत्रिणीच्या मुलाला फोन करून विचारलं, तुमच्या वयाला काय आवडतं. तो म्हणाला, "काहीही, काकू." काहीही! हे काहीही कुठल्या दुकानात मिळतं ते कुणी सांगेल तर शपथ. शेवटी हिरवट भिंत, लांबलचक टेबल, पलंगामागे दिवे. मिस्त्रीनं सवयीनं दार उतरवलं आणि मी सवयीनं "वा!" म्हटलं. दार भंगाराच्या टेम्पोतून गेलंसुद्धा.

लेक आला. बाप खाली गाडीतच थांबला. दोनदा हॉर्न देईन, तोवर खाली आला नाहीस तर तू आईकडे राहतोयस असं धरून मी निघतो, असं त्यांचं ठरलेलं.

लेकानं खोलीभर नजर फिरवली. टेबलावरून हात फिरवला, दिवे लावून पाहिले.

"मस्त आहे," तो म्हणाला. मग वळला. "दार कुठाय?"

मी खिडकीकडे हात केला.

"अरे, उजेड छान येतो ना असा..."

"आई, तिकडं हॉलमध्ये मी कपडे बदलायला बाथरूममध्ये जातो. मला वाटलं, इथं तरी..." तो पलंगाच्या कडेवर बसला, शोरूममध्ये बसतात तसा, अवघडून.

मी ओक्साबोक्शी रडायचीच बाकी होते. पण रडून दार उगवत नाही. ड्रिल घेतलं आणि माझ्याच खोलीच्या बिजागऱ्यांवर लावलं. बिल्डर दोन्ही बेडरूमची दारं एकाच मापाची करतो, एवढं तरी धंद्यानं शिकवलंय.

"आई, राहू दे."

"राहू दे काय! धर खालून!"

एक स्क्रू तिरका गेला, अंगठा सोलला. मी मिस्त्रीला, बिल्डरला आणि स्वतःला लाखोल्या वाहिल्या. लेक ऐकत होता, पण त्यानं दार सोडलं नाही. एकदाचं ते चौकटीत बसलं.

"लावून बघू?" त्यानं विचारलं.

आतून कडी लागली. मी बाहेर, कान दाराला. खाली पहिला हॉर्न वाजला.

"आई."

"काय रे राजा?"

"फटीतून तुझे पाय दिसतायत."

मी झटक्यात मागे सरले. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला घट्ट धरून उभी राहिले. दुसरा हॉर्न वाजला. आतून हूं नाही की चूं नाही. पाठोपाठ माझा फोन वाजला.

"येतोय का तो?" त्याचे बाबा विचारत होते.

"माहीत नाही."

"अगं, मग विचार ना जाऊन!"

धावत जावं, दार बडवावं, राहा म्हणून हात जोडावेत, असं फार वाटत होतं.

"त्याचं दार बंद आहे," मी म्हटलं आणि जागची हलले नाही.