मागच्या सीटवरचं प्लास्टिक

शेवटचा साधा दिवस बुधवार होता. त्या दिवशी दादा, मी आणि अप्पा गाडी बघायला गेलो होतो.

अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, दादाने नाइलाजाने बरोबर घेतलं होतं. आईने सांगितलं म्हणून. "ज्यांनी जन्मभर गाड्यांच्या सीट शिवल्या त्यांना विचारल्याशिवाय गाडी घेणार का रे?" असं ती म्हणाली.

अप्पा खरोखरच जन्मभर तेच करत आले होते. जुनं कव्हर उसवायचं, आतला फोम बसला असेल तर नवा भरायचा, वर नवं कव्हर चढवायचं. त्यामुळे लोकांच्या गाड्या त्यांना आतून माहीत होत्या. सीटच्या फटीत काय काय सापडतं ते ते जेवताना सांगायला लागले की आई ताट घेऊन उठायची. केसांचे गुंते, कुजलेलं दूध, कुणाचा तरी दात. "घरातलं पायपुसणंसुद्धा धुतात आणि गाडीत नखं कापतात," अप्पा म्हणायचे. एकदा एका मोठ्या गाडीच्या मागच्या सीटमधून ते वाळलेली उलटी खरवडून काढत होते. मालक नाकाला रुमाल लावून बाजूला उभा होता. त्याने विचारलं, "हा वास तुमच्या दुकानाचाच ना?" अप्पा म्हणाले, "हो, दुकानाचाच." हे सांगताना ते खूप हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कधीच कळलं नाही.

बघायच्या गाड्या दोन होत्या. दोन्ही छोट्या एसयूव्ही. एक साध्या कंपनीची, रस्त्यावर दर पाचवी दिसते तशी. दुसरी त्याच कंपनीच्या वरच्या, महागड्या नावाने विकली जाणारी, पुढच्या जाळीवर चकचकीत चिन्ह असलेली. दादा घरं विकतो. त्याचं मन आधीच दुसरीवर बसलं होतं. "गिऱ्हाईक आधी माझी गाडी बघतं, मग घर," तो म्हणाला. "बाकी बघणं नावापुरतं."

साध्या गाडीच्या शोरूममध्ये अप्पा सरळ मागचं दार उघडून वाकले आणि सीटखाली कोपरापर्यंत हात घातला. तिथली मुलगी धावत आली.

"काका, काही पडलं का?"

"नाही गं. काय काय लपवलंय ते बघतोय."

तिने मोबाइलचा दिवा लावून त्यांच्यासाठी खाली धरला. अप्पा सीटवर बसले, पाय पुढे सोडले, मग गुडघा दुखत असल्यासारखे हळूहळू उतरले. पुन्हा चढले, पुन्हा उतरले. असं त्यांनी चार वेळा केलं. त्यांचे गुडघे ठणठणीत होते. ते आईचे गुडघे घेऊन आत-बाहेर करत होते, हे माझ्या लक्षात आलं. दादा बाहेर फोनवर होता.

दुसऱ्या शोरूममध्ये जमिनीवर आपलं तोंड दिसत होतं. हवेत कसला तरी फवारा मारलेला होता, गोड आणि जड, फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यासारखा. विकणारा माणूस दादाला सर आणि मला मॅडम म्हणाला. त्याने दादाला पुढे बसवलं, मला दादाच्या शेजारी बसवलं. अप्पांनी मागचं दार उघडलं तेव्हा तो म्हणाला, "काका, एक मिनिट हं."

त्याने डिकीतून पारदर्शक प्लास्टिक काढलं, मागच्या सीटवर पसरलं, कोपरे नीट खोचले आणि म्हणाला, "बसा आता."

अप्पांची पँट धुतलेली होती. पण मांडीवर सोल्युशनचे डाग होते. चिकटवायच्या त्या सोल्युशनचे डाग कशानेच जात नाहीत. वाळले की पिवळट होतात, नाक पुसल्यासारखे दिसतात. घरातून निघतानाच ते मला दिसले होते आणि अप्पांनी दुसरी पँट घालावी असं वाटलंही होतं.

मी हातातल्या माहितीपत्रकात डोकं घातलं. दादाने आरशात बघितलं आणि मग आरसा वर-खाली करून तपासल्यासारखं केलं. अप्पा प्लास्टिकवर बसले. ते कचकचलं. त्यांनी सवयीप्रमाणे सीटखाली हात घातला, मग सीटच्या पाठीकडून बोट फिरवलं.

"जिथे अंग टेकतं तिथे चामडं," ते म्हणाले, "आणि जिथे कुणी बघत नाही तिथे रेक्झिन. खालचा सांगाडा त्या मघाच्या गाडीचाच आहे. कड्यासुद्धा त्याच."

विकणारा दादाकडे बघून हसला. दादाही त्याच्याकडे बघून हसला. ते हसू मला अजून आठवतं आणि तोंडात आंबट पाणी येतं.

परत येताना अप्पा दादाला म्हणाले, "ती पहिली घे. हिच्यात मागे गुडघे अडकतात. तुझ्या आईला उतरता यायचं नाही."

"बघू," दादा म्हणाला.

मला माझ्या घरी उतरवताना अप्पांनी खिडकीची काच खाली केली. "त्या पोराचं चुकलं नाही हं," ते म्हणाले. "मीसुद्धा टाकतो प्लास्टिक. नवी सीट असली की."

मी म्हटलं, "जाऊ द्या हो अप्पा." माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं ते एवढंच.

गुरुवारी सकाळी अप्पा दुकानात शिलाईच्या मशीनवर बसले आणि डोकं हातांवर टेकलं. शेजारच्या टायरवाल्याला वाटलं, डुलकी लागली. बराच वेळ कुणी उठवलं नाही.

मग माणसं यायला लागली. बाहेरची खोली भरून जायची. मी चहाचे कप न्यायची, आणायची, आणि दादाचं बोलणं कानावर पडायचं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "काल माझ्याबरोबर गाडी बघायला आले होते. आवडली त्यांना." दुसऱ्या दिवशी, "मला म्हणाले, हीच घे." चौथ्या दिवशी त्याच्या सांगण्यात अप्पा त्या सीटवरून हात फिरवत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आठव्या दिवशी ती त्यांची शेवटची इच्छा झाली. बिस्किटाचा भुगा ओठांवर घेऊन लोक माना डोलवायचे. "मुलाचं वैभव बघून गेले," कुणीतरी म्हणालं. दादाने डोळे पुसले. ते अश्रू खरे होते, हीच तर किळस. तो अप्पांसाठी रडतही होता आणि अप्पांना वापरतही होता, एकाच रुमालात.

मी बोलू शकले असते. दुसरी साक्षीदार मीच होते. पण दादाने आरशात बघितलं तेव्हा मी कुठे बघत होते, हे त्यालाही माहीत होतं. प्रत्येक वेळी मी कप उचलून आत जात राहिले. नळाखाली उष्टे कप विसळताना तळाशी ओली झालेली बिस्किटं बोटांना लागायची, आणि मला त्यांच्याइतकीच माझी शिसारी यायची.

आई मात्र रोज एकदा दादाला विचारायची, "खरंच आवडली होती का रे त्यांना?"

"खूप," दादा म्हणायचा. मग ती थोडंसं जेवायची. मला वाटायचं, राहू दे. खोटं का असेना, घास तर जातोय.

महिन्याभराने रविवारी सकाळी दादा ती गाडी घेऊन दारात आला. तीच, चकचकीत चिन्हाची. हॉर्न दोनदा वाजवला. "चल आई, अप्पांच्या गाडीतून चक्कर मारू."

त्या गाडीला तो अप्पांची गाडी म्हणाला.

आई मागे बसायला गेली. एक पाय आत घातला आणि दुसरा अडकला. मी तिचा गुडघा दोन्ही हातांनी धरून वळवला, तेव्हा तिने ओठ दाताखाली दाबले. "नवीन आहे ना," ती म्हणाली, "होईल सवय." मी पुढे बसले. कंपनीतून आलेलं प्लास्टिक सगळ्या सीटवर तसंच होतं. ते मांडीला चिकटत होतं, हललं की कचकचत होतं.

"काढू नका हं," दादा म्हणाला. "सहा महिने तरी ठेवायचं. डाग पडतात."

शोरूममधला तो गोड वास आतही होता. मी काच खाली करायला लागले तर दादा म्हणाला, "एसी लावलाय." पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. दादा गाडीतल्या एकेका सोयीचं नाव सांगत होता. मग मागून प्लास्टिकवरून आईचा हात फिरल्याचा आवाज आला.

"असेच इथे बसले होते का ते?" तिने विचारलं.

"अगदी तिथेच," दादा म्हणाला. "उतरायलाच तयार नव्हते. हो ना गं?"

हा प्रश्न मला होता. गेला महिनाभर मी बोलणं कप उचलून टाळलं होतं. इथे उचलायला काही नव्हतं.

"तिथेच बसले होते," मी म्हणाले. "आधी त्या माणसाने प्लास्टिक टाकलं. आम्ही तसेच बसलो होतो, फक्त अप्पांसाठी टाकलं. त्यांच्या पँटला डाग होते म्हणून."

"ए, आत्ता हे काय मध्येच?" दादा म्हणाला.

"तू आरशात बघत होतास."

"मी गाडी चालवतोय, गप्प बस."

मी मागे वळले. आईचा हात जिथल्या तिथे थांबला होता.

"त्यांना ही गाडी नको होती, आई. ते पहिली घे म्हणाले. तिच्यात ते चार वेळा चढले आणि उतरले, तुला जमेल का बघायला. हिच्यात तुझे गुडघे अडकतील असं ते म्हणाले होते. शेवटचं गाडीबद्दल ते एवढंच बोलले."

दादाने गाडी कडेला घेतली. आई माझ्याकडे बघत होती. ती रागावली नव्हती, नुसती वाट बघत होती. बोलणं संपलेलं नाही, हे तिला कळलं होतं.

"दादा खोटं बोलला ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी म्हणाले. "मी बोलले नाही, कारण त्या माणसाने प्लास्टिक टाकलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. डाग झाकले गेले म्हणून. मला अप्पांची लाज वाटत होती, आई. आणि ते त्यांना कळलं होतं."